आकाशांतील दूत कसा असावा?

दळणवळणाचा उपग्रह कसा घडवावा, त्यास किती उंचीवर ठेवावें आणि त्याच्याकडून कोणकोणतीं कामें घ्यावीं, हा प्रश्न बंगळूर व अहमदाबाद येथील शास्त्रज्ञांचा आहे. बीड जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस त्याच्याशीं काय कर्तव्य, असें पुष्कळांस वाटेल. आमचें मत याच्या उलट आहे. विहीर कोठें खणावी हें पाणाड्या सांगतो हें खरें. पण पाणी कोणाच्या रानांत पोंचावें, मोट कोणीं ओढावी आणि दुष्काळांत पहिला घडा कोणाचा, हें गांवानेंच ठरवावयाचें असतें. उपग्रहाचेंही तसेंच आहे. त्याची रचना म्हणजे केवळ धातूची व तारांची जुळणी नव्हे. कोणाचें काम सोपें करावयाचें आणि कोणावर खर्चाचा व श्रमाचा भार टाकावयाचा, याचा तो निवाडा असतो. म्हणून यंदाच्या अंकांत या निरनिराळ्या रचनांची तुलना करून आमचें मत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम मूळ गोष्ट समजून घेऊं. ज्या बिनतारी लहरींवर आज दूरचित्रवाणी, मोबाईल व इंटरनेट चालतें, त्या प्रकाशाप्रमाणें बहुतेक सरळ रेषेंत जातात. आणि पृथ्वी तर वाटोळी. डोंगराच्या एका अंगास असलेल्या मनोऱ्याचा संदेश दुसऱ्या अंगाच्या खोऱ्यांत नीट पोंचत नाहीं, हें बालाघाटाच्या रांगांत राहणाऱ्या आम्हांस निराळें सांगावयास नको. मनोरा जितका उंच तितका त्याचा पल्ला मोठा. उपग्रह म्हणजे पाया नसलेला अतिशय उंच मनोरा होय.

हा मनोरा किती उंच असावा? ऑक्टोबर १९४५ मध्यें आर्थर क्लार्क यांनीं 'वायरलेस वर्ल्ड' या इंग्रजी मासिकांत असें दाखविलें कीं, विषुववृत्तावर सुमारें ३५,७८६ किलोमीटर उंचीवरील उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरेल, आणि म्हणून जमिनीवरून पाहणारास तो एके जागीं स्थिर दिसेल. असे तीन उपग्रह ठेवले तर ध्रुवांजवळचा भाग सोडून सर्व पृथ्वीवर संदेश पोंचेल. परंतु आरंभीं इतक्या उंचीवर पोंचण्याचें सामर्थ्य कोणाच्या अग्निबाणांत नव्हतें. जुलै १९६२ मध्यें अमेरिकेनें सोडलेला टेलस्टार पृथ्वीच्या जवळून फिरे. तो क्षितिजावर आला कीं थोडा वेळ बोलणें चाले, आणि मावळला कीं खंडित होई. १९६४ सालीं सिन्कॉम-३ हा उपग्रह खऱ्या अर्थानें स्थिर झाला. तेव्हां वाद मिटला असें वाटलें. जवळचा पण चंचल दूत बरा, कीं दूरचा पण अढळ दूत बरा, हा तो वाद. साठ वर्षांनीं तो पुन्हां उभा राहिला आहे, आणि यावेळीं त्याचा निकाल आमच्या दारापर्यंत येणार आहे.

पहिली तुलना आम्ही अशी करितों: भार कोणीं उचलावा, जमिनीनें कीं आकाशानें?

पुणें जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यांत नारायणगांवाजवळ आर्वी नांवाचें गांव आहे. तेथें १९७१ सालीं परदेशांशीं संदेशांची देवघेव करणारें भारताचें पहिलें उपग्रह-भूकेंद्र सुरू झालें. डॉ. विक्रम साराभाई यांचें नांव त्यास देण्यांत आलें. हिंदी महासागरावरील इंटेलसॅट उपग्रहाशीं बोलण्यासाठीं तेथें सुमारें ३० मीटर व्यासाची प्रचंड तबकडी उभारावी लागली. त्या काळचा उपग्रह दुबळा होता. त्याचा क्षीण आवाज ऐकावयास जमिनीवर मोठा कान हवा होता. असा कान एखाद्या देशास एखादा परवडतो. खेड्यास तो परवडणें शक्य नाहीं.

आतां याच्या उलट उदाहरण पाहा. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षांत भारतानें 'साइट' नांवाचा मोठा प्रयोग केला. त्यासाठीं अमेरिकेच्या नासा या संस्थेनें एटीएस-६ हा आपला उपग्रह वर्षभर वापरावयास दिला होता. या उपग्रहावर सुमारें ९ मीटर व्यासाची, अंतराळांत गेल्यावर छत्रीप्रमाणें उघडणारी तबकडी होती. आकाशांतील आवाज बळकट झाल्यामुळें जमिनीवरचा कान लहान चालला. खुराड्यास लावतात तसल्या जाळीची सुमारें ३ मीटर व्यासाची तबकडी खेड्यांत पुरी झाली. सहा राज्यांतील सुमारें २४०० खेड्यांत शेती, आरोग्य व शिक्षण या विषयांचे कार्यक्रम पोंचले. त्या खेड्यांत महाराष्ट्रांतील गांव नव्हतें. पण मराठवाड्याच्या शेजारचे गुलबर्गा, विजापूर व रायचूर हे जिल्हे होते. या प्रयोगाचे कार्यक्रम-व्यवस्थापक एकनाथ वसंत चिटणीस हे मराठी गृहस्थ होते. १९२५ सालीं कोल्हापुरांत जन्मलेल्या या शास्त्रज्ञानें वयाचीं शंभर वर्षें पुरीं करून ऑक्टोबर २०२५ मध्यें पुणें येथें देह ठेविला.

आर्वी व साइट या दोन उदाहरणांत सर्व वादाचें बीज आहे. उपग्रह हलका व स्वस्त करावा तर जमिनीवर मोठी यंत्रणा लागते, आणि ती श्रीमंतांच्या व सरकारच्याच आवाक्यांत राहते. उपग्रह मोठा व समर्थ करावा तर खर्च एकदां आकाशांत होतो, आणि खालीं हजारों खेड्यांचा भार हलका होतो. भारत हा खेड्यांचा देश आहे, येथें घेणारे पुष्कळ व देणारा एक आहे, हें ध्यानांत घेतां दुसरी रीतच आम्हांस न्याय्य वाटते. पुढील सर्व रचना आम्ही याच मापानें मोजूं.

दुसरी तुलना अशी: एकाच उपग्रहाकडून सर्व कामें घ्यावीं, कीं प्रत्येक कामास निराळा उपग्रह असावा?

गरीब घरीं एकच बैलगाडी असते. पेरणीस तीच, बाजारास तीच, लग्नाच्या वऱ्हाडास तीच आणि दुखणाइतास दवाखान्यांत न्यावयासही तीच. आमच्या देशानेंही आरंभीं तसेंच केलें. उपग्रह व बैलगाडी यांचें नातें केवळ उपमेचें नाहीं, हेंही येथें सांगितलें पाहिजे. जून १९८१ मध्यें सोडलेल्या ॲपल या आपल्या प्रायोगिक उपग्रहाच्या ॲन्टेनाची परीक्षा करावयाची होती. धातूच्या वाहनानें लहरींत अडथळा येईल, म्हणून तो उपग्रह लांकडी बैलगाडीवर ठेवण्यांत आला. तें छायाचित्र पुढें जगप्रसिद्ध झालें. त्याच्या पाठोपाठ आलेल्या इन्सॅट-१ मालिकेंत टेलिफोन, दूरचित्रवाणी व हवामानाचीं छायाचित्रें हीं तिन्ही कामें एकाच उपग्रहावर सोंपविलीं होतीं. खर्चाची बचत मोठी होती. परंतु एप्रिल १९८२ मध्यें सोडलेल्या इन्सॅट-१ए मध्यें बिघाड होत गेले, त्याची दिशा सांभाळणारें इंधन संपलें, आणि सप्टेंबर १९८२ मध्यें तो सोडून द्यावा लागला. एका गाडीचा आंस मोडला आणि तिन्ही कामें एकदम अडलीं. ऑगस्ट १९८३ मध्यें गेलेल्या इन्सॅट-१बी नें मात्र तींच तिन्ही कामें उत्तम रीतीनें पार पाडलीं.

पुढें हळूहळू कामें विभागलीं गेलीं. २००२ सालीं हवामानासाठीं निराळा उपग्रह गेला. त्यास नंतर कल्पना चावला यांचें नांव मिळालें. सप्टेंबर २००४ मध्यें केवळ शिक्षणासाठीं एड्युसॅट गेला. यांतून आम्ही असा बोध घेतों कीं, सामर्थ्य थोडें असतां सर्व कामें एकावर सोंपविणें हा दोष नव्हे. परंतु सामर्थ्य वाढल्यावरही तीच संवय ठेवणें धोक्याचें आहे. उद्यांची व्यवस्था आंखतांना एक दूत पडला तर दुसरा त्याचें काम उचलील अशी योजना असलीच पाहिजे.

तिसरी तुलना पाण्याच्या उदाहरणानें चटकन् कळेल. सर्व रान भिजवावें, कीं झाडाच्या मुळाशींच पाणी द्यावें? जुना भूस्थिर उपग्रह सर्व देशावर एकच रुंद झोत टाकी. तें पाटपाणी होय. नवे उपग्रह देशाचे अनेक भाग पाडून प्रत्येकावर निराळा अरुंद झोत टाकतात. तें ठिबक सिंचन होय. बिनतारी लहरींचे पट्टे मोजकेच असतात आणि सर्वांस त्यांतूनच भागवावें लागतें. झोत अरुंद असले म्हणजे एकमेकांपासून दूर असलेल्या दोन भागांत तोच पट्टा पुन्हां वापरतां येतो, आणि त्याच सामग्रींतून कित्येक पट काम निघतें. डिसेंबर २०१८ मध्यें सोडलेल्या ५८५४ किलो वजनाच्या जीसॅट-११ वर ग्राहकांसाठीं असे ३२ झोत आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्यें गेलेल्या ४७०० किलोच्या जीसॅट-एन२ वरही ३२ झोत आहेत; त्यांपैकीं ८ अरुंद झोत ईशान्येकडील राज्यांसाठीं व २४ रुंद झोत उरलेल्या देशासाठीं योजिले आहेत. त्याची एकूण वाहकता सेकंदास सुमारें ४८ गिगाबिट सांगितली जाते.

मग सर्वत्र ठिबकच करावें काय? आमच्या मतें नाहीं. जो संदेश सर्वांस एकच द्यावयाचा आहे, उदाहरणार्थ इयत्ता आठवीच्या भूमितीचा पाठ किंवा पावसाची सूचना, तो बत्तीस झोतांत बत्तीस वेळां पाठविणें ही उधळपट्टी होय. त्यास रुंद झोतच योग्य. परंतु प्रत्येक विद्यार्थ्याची शंका निराळी, प्रत्येक रोग्याचें दुखणें निराळें. तेथें अरुंद झोत हवा. कीर्तन एकाचें आणि श्रोते हजार, ही एक गरज. वैद्य व रोगी यांचें एकांतांतील बोलणें, ही दुसरी गरज. दोहोंस एकच रचना लावूं पाहणारा शास्त्रज्ञ असो वा पुढारी असो, तो चुकेल.

आतां चौथ्या व सर्वांत गाजत असलेल्या रचनेकडे वळूं. एक मोठा उपग्रह उंचावर ठेवण्याऐवजीं हजारों लहान उपग्रह पृथ्वीच्या जवळ फिरत ठेवावे, अशी ही कल्पना आहे. हिचा लाभ गणितानें पाहूं. भूस्थिर उपग्रहापर्यंत जाऊन परत येण्यास लहरीस सुमारें ७२,००० किलोमीटर तोडावे लागतात, आणि सेकंदास तीन लाख किलोमीटर धांवणाऱ्या लहरीसही त्यास जवळजवळ पाव सेकंद लागतो. प्रश्न व उत्तर मिळून अर्धा सेकंद जातो. एकतर्फी व्याख्यानास त्याची अडचण नाहीं. पण संभाषणांत ती जाणवते. उलट ५५० किलोमीटर उंचीवरील उपग्रहापर्यंत लहर सेकंदाच्या कांहीं सहस्रांशांत पोंचते. शिवाय अंतर जितक्या पटीनें कमी, त्याच्या वर्गानें आवाज बळकट. येथें अंतर सुमारें ६५ पट कमी, म्हणून बळ चार हजार पटींहून अधिक. लहान उपग्रह व लहान तबकडी यांवर काम भागतें तें यामुळेंच.

पण लाभाबरोबर ओझेंही येतें. इतक्या खालून फिरणारा उपग्रह सुमारें दीड तासांत पृथ्वीप्रदक्षिणा करितो आणि एका गांवाच्या डोक्यावर कांहीं मिनिटेंच राहतो. म्हणून एकामागून एक येणारी रांग अखंड ठेवावी लागते. भूस्थिर उपग्रह पंधरा वर्षें काम देतो. या लहान उपग्रहांचें आयुष्य सुमारें पांच वर्षें, म्हणून रांग सतत नव्यानें भरावी लागते. जमिनीवरील यंत्रासही पळत्या उपग्रहावर नजर ठेवून क्षणोक्षणीं झोत वळवावा लागतो. त्यामुळें तें यंत्र महाग होतें आणि त्यास अखंड वीज लागते. ज्या गांवांत विजेचा भरंवसा नाहीं, तेथें ही गोष्ट लहान नव्हे.

या मार्गावर ठेंचाही लागलेल्या आहेत. ६६ उपग्रहांच्या इरिडियम योजनेनें नोव्हेंबर १९९८ मध्यें सेवा सुरू केली आणि ऑगस्ट १९९९ मध्यें ती कंपनी दिवाळखोरींत गेली. आंखणी होऊन उपग्रह उडेपर्यंतच्या काळांत जमिनीवरील मोबाईल सर्वत्र पसरला होता, आणि त्या महाग यंत्रास पुरेसें गिऱ्हाईक मिळालें नाहीं. वनवेब ही कंपनीही मार्च २०२० मध्यें त्याच वाटेनें गेली. ब्रिटिश सरकार व भारतांतील भारती समूह यांनीं तिला वांचविलें. तिचे ७२ उपग्रह ऑक्टोबर २०२२ व मार्च २०२३ मध्यें आपल्याच एलव्हीएम-३ अग्निबाणानें श्रीहरिकोट्याहून गेले. सर्वांत मोठा ताफा अमेरिकेच्या स्टारलिंकचा आहे. नोव्हेंबर २०२५ मध्यें महाराष्ट्र शासनानें स्टारलिंकशीं इरादापत्र केलें. असें करणारें तें देशांतील पहिलें राज्य ठरलें. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव व वाशीम यांसारख्या जिल्ह्यांतील सरकारी संस्था व दुर्गम वस्त्या यांस जोडणी द्यावी, असा त्याचा उद्देश सांगण्यांत आला. धाराशिव हा आमचा लागून असलेला शेजारी जिल्हा. त्याच्या दारीं आलेला प्रश्न आमच्या दारीं यावयास वेळ लागणार नाहीं. म्हणून त्याचा विचार आधींच करून ठेवणें शहाणपणाचें आहे.

पांचवी रचना अगदीं नवी आहे. तींत जमिनीवर तबकडीच नको. हातांतील साधा मोबाईल थेट उपग्रहाशीं बोलेल. डिसेंबर २०२५ मध्यें एलव्हीएम-३ नें ब्लूबर्ड ब्लॉक-२ हा सुमारें ६१०० किलो वजनाचा अमेरिकन उपग्रह वर नेला. त्याची ॲन्टेना २२३ चौरस मीटरांची, म्हणजे शाळेच्या चार-पांच वर्गखोल्यांएवढी आहे. मोबाईलचा आवाज अत्यंत क्षीण असतो, तो ऐकण्यासाठीं आकाशांत एवढा मोठा कान लागतो. आर्वीस जमिनीवर ३० मीटरांची तबकडी होती. साइटच्या वेळीं ती ३ मीटरांवर आली. घरावरच्या दूरचित्रवाणीच्या छत्रीपाशीं ती हातभर उरली. आणि आतां ती तळहातांत मावूं पाहत आहे. साराभाईंच्या पिढीनें भार आकाशाकडे सरकविण्यास आरंभ केला होता, त्याची ही शेंवटची पायरी म्हणावी लागेल. ही रचना अजून बाल्यावस्थेंत आहे, आणि एका झोतांत पुष्कळ लोक असले म्हणजे प्रत्येकाच्या वांट्यास थोडेंच येणार, ही तिची मर्यादा उघड आहे.

आतां या सर्व रचना बीड जिल्ह्याच्या काट्यावर तोलूं या. आमच्या जिल्ह्यांतून प्रतिवर्षीं दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात आणि उन्हाळ्यांत परत येतात. त्यांच्याबरोबर मुलेंही जातात. गांवच्या शाळेच्या छपरावर कितीही उत्तम तबकडी बसविली तरी ती या मुलांच्या मागें कारखान्याच्या तळावर जात नाहीं. अर्धें वर्ष कोपींत काढणाऱ्या मुलीस जी व्यवस्था उपयोगी पडत नाहीं, ती कितीही वेगवान असली तरी बीडच्या दृष्टीनें अपुरी होय. उपग्रहाची योजना आंखणारांनीं वेगाचे आंकडे सांगण्यापूर्वीं या मुलीचा विचार करावा, असें आमचें आग्रहाचें मागणें आहे.

दुसरी गोष्ट आपत्तीची. सप्टेंबर २०२५ मध्यें आमच्या मराठवाड्यांत अतिवृष्टीनें हाहाकार उडविला. एरवीं अवर्षणानें गांजलेल्या या प्रदेशांत नद्या पात्राबाहेर आल्या. अशा वेळीं जमिनीवरच्या तारा तुटतात आणि वीज गेली कीं मनोरे मुके होतात. त्या क्षणीं आकाशांतील वाटच उरते. परंतु येथेंही विवेक हवा. अत्यंत आंखूड लहरी मुसळधार पावसांत क्षीण होतात. लांब लहरींस पाऊस तितका बाधत नाहीं, पण त्यांस तबकडी मोठी लागते. तेव्हां संकटाच्या वेळीं वापरावयाची यंत्रणा केवळ वेगाकडे पाहून निवडणें बरोबर नव्हे.

या विचारानें आमचें मत असें बनलें आहे. सर्वांस समान असणारे पाठ, हवामानाच्या सूचना व शेतीची माहिती यांसाठीं भूस्थिर उपग्रह व त्याचा रुंद झोत हीच रचना चालू ठेवावी. कारण घेणारे दहा असोत वा दहा लाख असोत, तिचा खर्च वाढत नाहीं. २०१७ सालीं सुरू झालेल्या स्वयंप्रभा या शैक्षणिक वाहिन्या याच रीतीनें पोंचतात. तशाच मराठींतील, आमच्या अभ्यासक्रमाच्या व आमच्या बोलीस ओळखणाऱ्या पाठांची भर हवी. आरोग्य केंद्र, ग्रामपंचायत व शाळा यांस दुतर्फी जोडणी हवी. जेथें जमिनीखालची तार पोंचत नाहीं तेथें खालच्या कक्षेंतील ताफ्याचा उपयोग करावा, पण गांवास एक सामायिक यंत्र या नात्यानें, घरोघरच्या चैनीसाठीं नव्हे. आणि स्थलांतर करणाऱ्यांसाठीं थेट मोबाईलशीं बोलणाऱ्या रचनेचा प्रयोग सरकारनें आतांपासून हातीं घ्यावा.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, गांवोगांव तार व मोबाईलचे मनोरे येत आहेत, मग उपग्रहांचा खटाटोप कशास? या म्हणण्यांत तथ्य आहे, आणि जेथें तार पोंचली तेथें तारच स्वस्त व भरंवशाची ठरेल हें आम्ही मान्य करितों. परंतु रेल्वेची गोष्ट आठवावी. अहिल्यानगरहून बीडपर्यंत रेल्वे येण्यास कित्येक दशकें गेलीं. ती १७ सप्टेंबर २०२५ रोजीं बीडास पोंचली, आणि पुढें परळीपर्यंतचें काम तेव्हां उरलेंच होतें. जमिनीवरील वाट मोठ्या शहरापासून निघते आणि शेंवटच्या वाडीस पोंचण्यापूर्वीं थकते. आकाशांतील झोतास पहिली वाडी व शेंवटची वाडी असा भेद नसतो.

दुसरा आक्षेप आम्हांस अधिक गंभीर वाटतो. परकी कंपनीच्या ताफ्यावर आपल्या शाळा, दवाखाने व कचेऱ्या अवलंबून ठेवणें योग्य काय? आम्ही म्हणतों, वापर करावा, पण सर्वस्व सोंपवूं नये. शेजाऱ्याच्या विहिरीचें पाणी अडीनडीस घ्यावें. म्हणून आपली विहीर बुजवूं नये. करार करतांना दर किती, बंद पडल्यास पर्याय कोणता, आणि आमच्या मुलांची माहिती कोणाच्या हातीं राहील, हे तीन प्रश्न शासनानें विचारावे आणि त्यांचीं उत्तरें लोकांपुढें ठेवावीं. स्वदेशीं मोठे उपग्रह व त्यांस वर नेणारे बळकट अग्निबाण घडविण्याचें काम यामुळें मंद होतां कामा नये. जीसॅट-११ व जीसॅट-एन२ हे दोन्ही आपल्याकडे घडले, पण वजनामुळें त्यांस परदेशी अग्निबाणांवर बसवावें लागलें, हें विसरूं नये.

आकाशही सर्वांच्या मालकीचें आहे. आर्वीपासून जवळच खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जगांतील एक थोर रेडिओ दुर्बीण आहे. दूरच्या दीर्घिकांचा क्षीण आवाज ती ऐकते. हजारों उपग्रहांच्या कोलाहलानें अशा दुर्बिणींचें काम बिघडण्याची धास्ती जगभरचे ज्योतिर्विद् बोलून दाखवितात. आमच्या सोईसाठीं विश्वाकडील खिडकी बंद होऊं नये, ही अटही रचनेंतच घातली पाहिजे.

शेंवटीं एक गोष्ट विद्यार्थ्यांस व पालकांस कळकळीनें सांगावयाची आहे. बीड शहराजवळची खजाना विहीर आपण पाहिली असेल. निजामशाहीच्या काळांत ती बांधणारांनीं विहीर बांधून काम संपलें असें मानलें नाहीं. तिचें पाणी भुयारी वाटेनें रानापर्यंत नेण्याची योजना त्यांनीं त्याच वेळीं केली. उपग्रहाच्या बाबतींत आम्ही नेमके येथें चुकतों. एड्युसॅट आकाशांत गेला तेव्हां देशानें अभिमानानें मान वर केली. परंतु जमिनीवरचें जाळें उभारण्यांतील उशीर व पाठांची उणीव यांवर पुढें महालेखापरीक्षकांच्या अहवालांत बोट ठेवलें गेलें, आणि २०१० सालीं त्या उपग्रहाचें आयुष्यच संपलें. पाणी भरपूर होतें; पाट अपुरा होता.

तो पाट बांधण्याचें काम आपलें आहे. तबकडी दुरुस्त करूं शकणारा गांवचा तरुण, वीज गेली तर सूर्याच्या उष्णतेवर नव्हे पण त्याच्या प्रकाशावर चालणारी बॅटरी तयार ठेवणारी शाळा, आणि सोप्या मराठींत गणित समजावून देणारा शिक्षक, यांच्यावांचून कोणतीही रचना सफल होणार नाहीं. पालकांनीं ग्रामसभेंत हे प्रश्न विचारावे. विद्यार्थ्यांनीं लहरी, कक्षा व गति यांचे धडे परीक्षेपुरते न वाचतां समजून घ्यावे; कारण पुढच्या पिढीचे उपग्रह आंखणारांत बालाघाटाच्या डोंगरांतलीं मुलें असलीं, तर शेंवटच्या वाडीची आठवण त्यांस कोणीं करून द्यावी लागणार नाहीं. ही आशा बाळगून आम्ही वाचकांची रजा घेतों.